दिवे लावल्याचा पुरावा

कुंडपाडा,
१२ नोव्हेंबर १९५३

प्रिय अँजेलिनाबाय हिला धाकट्या भावाचा, वॉल्टरचा नमस्कार,

पोचलो एकदाचा. शिरसाडपर्यंत मोटार, पुढे बैलगाडी आणि शेवटी तानसा नदीतून कॅमेरा डोक्यावर घेऊन पायी. फोटोच्या काचांची पेटी कोरडी आहे. मी नाही.

इथे जमिनीतून उकळतं पाणी वर येतं. त्याच्या वाफेवर वीज करायचा सरकारचा विचार आहे. विचार पक्का आहे, वीज नाही. एक पत्र्याची शेड, तिच्यात एक यंत्र, कुंडापासून शेडपर्यंत लोखंडी पाईप, शेडबाहेर एक खांब आणि खांबावर एक दिवा, एवढा सगळा कारखाना. सांभाळणारे इंजिनियर दिवाकर टिपणीस, मुंबईचे. तीन वर्षं इथे एकटे राहतात. सदा हॅट घालतात आणि माणूस दिसला की दाब समजावून सांगायला लागतात. माणूस फार गोड.

माझं काम तुला माहीतच आहे: कारखान्याच्या आसपासचं रोजचं जीवन टिपायचं आणि मुंबईच्या कचेरीला धाडायचं. ते जीवन मात्र भरपूर आहे! बायकांनी पाईपाच्या प्रत्येक सांध्याला भोक पाडून त्यावर हंडा बसवलाय. काम झालं की भोकात चिंध्या गुंडाळलेली लाकडी खुंटी मारून जातात, चूल विझवावी तशी. साहेबांचं म्हणणं, वाफ भूगर्भातल्या कारणांमुळे कमी पडते. मी ती कारणं मोजली. सतरा निघाली. त्यातल्या तेरांत भात उकडत होता आणि चारांत अंडी. मी साहेबांना काही बोललो नाही, कारण त्यातला एक हंडा मथुरामावशींचा आहे. त्या आमच्या दोघांचा स्वयंपाक करतात.

पंधरा दिवसांचं काम आहे. २५ जानेवारीला बेटीशी माझं लग्न आहे हे माझ्या लक्षात आहे, असं तिला सांग. बारा काचा गाडीवानाबरोबर पाठवतोय, आपल्या स्टुडिओत धुऊन छापून परत दे.

तुझा,
वॉल्टर

*

पापडी,
२२ नोव्हेंबर १९५३

चि. वॉल्टर यास आशीर्वाद आणि थोडे बोल,

काचा धुतल्या. चार काचांत नुसती वाफ आहे. त्या मी उलट्यासुलट्या करून पाहिल्या, तरी वाफच. बाकीच्यांत हंडे, बायका, कोंबड्या. एका फोटोत तुझे टिपणीससाहेब खांबाशेजारी उभे आहेत, अगदी चर्चमध्ये पहिल्या कम्युनियनला मूल उभं राहतं तसे. तो मला आवडला.

बेटीला तुझा निरोप दिला. ती हसली. तिचा बाप ऑगस्टीन हसला नाही. एक तर जमिनीवरचा जावई त्याला मनापासून पसंत नाही. पापडीचा माणूस भरती-ओहोटी कॅलेंडरात बघतो म्हणतो. आपल्याकडेही पाचूबंदरची कोळीण सून म्हणून येणार हे ऐकून अर्धी आळी नाक मुरडून बसलीय, ती गोष्ट वेगळी. काल मासळी बाजारात त्यानं मला अडवलं. "काय दिवे लावतो गं तुझा भाव तिकडं जंगलात?" मी म्हटलं, "दिवेच लावतो." तर म्हणाला, "नीट सांग, चेष्टा नको." आता याहून नीट कसं सांगू?

अर्नाळ्याचा व्हिन्सेंट त्याच्या घरी दोनदा येऊन गेला. स्वतःची होडी आहे त्याची. बेटी त्याला पाणीसुद्धा देत नाही, पण बाप देतो. तेव्हा पंधरा म्हणजे पंधराच दिवस.

तुझी,
अँजेलिना

*

कुंडपाडा,
५ डिसेंबर १९५३

प्रिय बाय,

घोटाळा झालाय. कचेरीनं सगळे फोटो परत पाठवले. वर शेरा: "जीवन दिसते. वीज दिसत नाही." सोबत हुकूम, की एका सुखी कामगार कुटुंबाचा फोटो हवा. नवरा, बायको, मुलं, विजेच्या दिव्याखाली जेवताना. दिवा लागलेला. तो फोटो मंजूर होईपर्यंत छायाचित्रकारानं जागा सोडू नये.

मी साहेबांना म्हटलं, दिवा तर लागत नाही. ते खाली बघून म्हणाले, "लागेल हो. आपण फोटो थोडा आधी काढतोय, एवढंच."

तर आम्ही तो आधी काढला. काच पाठवतोय. बाय, तू दिव्यावर पेन्सिल फिरव. काचेवर काळं केलं की कागदावर उजेड पडतो, हे तुला मी काय सांगायचं? फोटोतल्या माणसांकडे फारसं बघू नकोस. गावातलीच आहेत. उजेड केलास की छापून परभारे मुंबईलाच पाठव.

घाईत,
वॉल्टर

*

पापडी,
१४ डिसेंबर १९५३

वॉल्टर,

"फारसं बघू नकोस" म्हणालास म्हणून आधी तिकडेच बघितलं.

लाल कंदिलाखाली काच वर काढली आणि आपला बाप मेल्यापासून पहिल्यांदा मी काळ्या खोलीत ओरडले. उघडा, धोतर नेसलेला, पाटावर बसलेला, तोंडात घास असलेला हा सुखी कामगार माझा भाऊ आहे! शेजारी पदरानं तोंड झाकलेली बाई. समोर ओळीनं पाच पोरं. आणि एक बकरी, तीही ताटात तोंड घालून. बाई कोण? पोरं कोणाची? फोटो कोणी काढला?

उत्तराची वाट न बघता काम केलंय, कारण तुला जानेवारीत घरी यायचंय. दिवा असा लावलाय की डोळे दिपावेत. एक चूक मात्र हातून झाली ती सांगते. लग्नाचे फोटो करून करून हाताला सवय झाली, रे. दिवा झाल्यावर पेन्सिल आपोआप खाली आली. त्या बाईच्या हाताच्या सगळ्या सुरकुत्या मी काढून टाकल्या. आता हात विशीतला दिसतो. तुझे डोळ्यांखालचे खड्डेही बुजवले. फोटो मुंबईला गेल्यावर ध्यानात आलं.

अँजेलिना

*

कुंडपाडा,
३ जानेवारी १९५४

प्रिय बाय,

रागावू नकोस. गावातले सगळे पुरुष गवतकापणीला रानात गेलेत. उरले आम्ही दोघं, आणि साहेब काही केल्या हॅट काढेनात. मग नवरा कोण होणार? बाई म्हणजे मथुरामावशी, वय पंचावन्नच्या पुढे. त्या म्हणाल्या, "परक्या बाप्यासंगं मी नाय बसनार. बसले तर तोंड कोनाला दिसायचं नाय." म्हणून पदर. पोरं निरनिराळ्या घरची. बकरीला कोणी बोलावलं नव्हतं. कॅमेऱ्याचा रबरी फुगा साहेबांनी दाबला.

पण बाय, फोटो मंजूर! मुंबईत त्याची फार वाहवा झाली म्हणे. मोठा करून कचेरीच्या जिन्यात टांगलाय आणि वर्तमानपत्रांनाही दिलाय. मी एका कागदावर सही केली, की या फोटोत दिसते ते सर्व सत्य आहे. न करून सांगतो कोणाला? आता आणखी वीस फोटोंचं काम आहे, पण २३ तारखेला सुट्टी नक्की. आज चर्चमध्ये आमच्या लग्नाची पहिली पुकार झाली असेल. बेटी पुढच्या बाकावर होती की मागच्या? काय नेसली होती?

एक गंमत सांगायची राहिली. कचेरीनं मला कुटुंबासाठी खोली मंजूर केलीय. कागदावर लिहिलंय: बायको एक, मुलं पाच.

तुझा,
वॉल्टर

*

पापडी,
१८ जानेवारी १९५४

वॉल्टर,

आता गंमत माझी ऐक.

काल तिसरी पुकार. मी मुद्दाम पाचूबंदरच्या चर्चमध्ये गेले होते. फादर सेबेस्टियननी नावं वाचली, "कुणाची हरकत असल्यास कळवावे" म्हणाले आणि नेहमीसारखे थांबले. आजवर कोणी काही कळवलेलं नाही. तेवढ्या वेळात लोक खोकून घेतात. कालही खोकले. मग एक माणूस उभा राहिला. बघते तर नवरीचा बाप!

"हरकत हाय, फादर! ह्या पोऱ्याचं लगीन झालंय. पाच पोरं हायत. वर बकरी."

आणि त्यानं खिशातून वर्तमानपत्राचा कागद काढला. तंबाखू बांधून आलेला. त्यात तू. चर्चभर तो कागद फिरला. बायका म्हणाल्या, बायको तरणी दिसते हो, हात बघा. तो हात मी केलाय, वॉल्टर! मी उठून ओरडले, की फोटो खोटा आहे. तर खाली छापलेलं ऑगस्टीननं शेजाऱ्याकडून मोठ्यानं वाचून घेतलं: "सदर छायाचित्र सर्वस्वी सत्य असल्याचे प्रमाणित केले आहे." खाली तुझं नाव.

बेटी रडली नाही. मला दारात गाठून एवढंच म्हणाली, "बाय, खरं काय ते सांगा. मंग मी बगते." मी सगळं सांगितलं. तिनं विचारलं, "त्येंनी घास खराच खाल्ला काय?" मी म्हटलं, खाल्ला असावा. यावर ती पहिल्यांदा रागावली.

२५ चं लग्न मोडलं. फादर म्हणतात, हरकत दूर झाली तर १ मार्चच्या सोमवारी लावू. ३ मार्चला राखेचा बुधवार. उपासकाळ लागला की ईस्टरपर्यंत लग्नं बंद, आणि ऑगस्टीननं व्हिन्सेंटला ईस्टरनंतरचा शब्द द्यायचं ठरवलंय. तेव्हा सत्य काय ते सरकारकडून लिहून आण.

अँजेलिना

*

कुंडपाडा,
४ फेब्रुवारी १९५४

प्रिय बाय,

मला जेवण जात नाही. मथुरामावशी ऑगस्टीनमामांच्या पाया पडायला तयार आहेत. मीच त्यांना थांबवलंय.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी कचेरीला सगळं खरं लिहिलं. दिवा लागलेला नाही, बाई माझी कोणी नाही, पोरं माझी नाहीत, मी अविवाहित आहे, तसा दाखला द्यावा. उत्तर जसंच्या तसं उतरवतो:

"आपले पत्र पावले. प्रमाणित छायाचित्राशी आपले म्हणणे जुळत नाही. छायाचित्रात दिवा लागलेला स्पष्ट दिसतो. त्याच छायाचित्रात आपण सहकुटुंब दिसता. छायाचित्राचा एक भाग खरा व दुसरा खोटा मानण्याची तरतूद नाही. कुटुंबाकडे लक्ष द्यावे."

काय करू? फोटो खरा तर मी पाच पोरांचा बाप. फोटो खोटा तर दिवा खोटा, आणि दिवा खोटा म्हणायला तिथे एक माणूस तयार नाही. टिपणीससाहेबांनीही स्वतःच्या सहीनं लिहून पाहिलं. त्यांना उत्तर आलं, की यशानं हुरळून जाऊ नये!

बाय, मी इथून पळून आलो तर ऑगस्टीनमामा म्हणतील, पोरं टाकून आला. तू बेटीला सांग, की मला तिच्याशिवाय कोणी नको. असं पत्रात लिहिताना लाज वाटते, पण लिहिलंय.

वॉल्टर

*

पापडी,
१४ फेब्रुवारी १९५४

चि. वॉल्टर,

लिहिलंस ते बरं केलंस. पत्र बेटीलाच वाचायला दिलं. तिनं तो कागद परत केलाच नाही.

आता मन लावून वाच. बेटी फादरांकडे गेली, सोबत बापाला घेऊन. म्हणाली, सगळे जाऊन बघू या. ऑगस्टीन म्हणाला, काय बघायचं? त्या बाईला विचारलं तर ती नाही म्हणेल, पोरांना बत्तासा दिला तर कोणालाही बाप म्हणतील. फादरांनी बराच विचार केला. मग म्हणाले, "माणसं खोटं बोलतात. दिवा बोलत नाही. सरकारच्या कागदाप्रमाणे दिवा आणि कुटुंब एकत्र आहेत. दिवा लागत नसला तर फोटो खोटा, आणि हरकत रद्द. लागत असला तर वॉल्टरला देव क्षमा करो."

ऑगस्टीनला हे पटलं. त्याचं म्हणणं, सरकारनं लावलेला दिवा तो एका नजरेत ओळखेल.

शनिवारी, २० तारखेला ते तिघं येतात. मी स्टुडिओ सोडून येऊ शकत नाही. तुला एकच काम: तो दिवा तीन वर्षं जसा आहे तसाच राहू दे. एवढं तरी जमेल ना?

अँजेलिना

*

कुंडपाडा,
२१ फेब्रुवारी १९५४

प्रिय बाय,

काल जे झालं ते लिहितो. वाचून झालं की पत्र चुलीत घाल.

सकाळपासून मी खांबासमोर कॅमेरा लावून उभा होतो. न लागलेल्या दिव्याचा फोटो काढून फादरांच्या हातात द्यायचा, म्हणजे एक खरी काच तरी आपल्याजवळ राहील, असा बेत होता. साहेब शेजारी. त्यांना मी सगळं सांगितलं होतं. "त्या बाबतीत तुम्ही निर्धास्त असा," असं ते म्हणाले. म्हणताना हसले, पण मला ते हसणं बघवलं नाही.

दहाच्या सुमाराला नदीपलीकडे तिघं दिसली. फादर बूट काढायला दगडावर बसले. ऑगस्टीनमामा त्यांना उथळ जागा दाखवत होते. समुद्रावरचा माणूस नदीला फार जपून उतरतो, हे मला काल कळलं. बेटी मात्र लुगडं खोचून सरळ पाण्यात शिरली आणि त्यांच्या खूप आधी अलीकडे आली.

तिला बघून मथुरामावशी पाईपावरूनच ओरडल्या, "नवरी आयली गं! आपल्या फोटूवाल्याची नवरी!"

झालं! सतरा बायकांनी सतरा हंडे उतरवले. आणि बाई घराबाहेर पडताना चूल विझवते, तशा सगळ्यांनी आपापल्या भोकात खुंट्या ठोकल्या आणि नवरी बघायला धावल्या. तीन वर्षांत सगळी भोकं एका वेळी कधी बंद झाली नव्हती, बाय. रात्रंदिवस कोणाचं ना कोणाचं काही ना काही उकडत असायचंच.

शेडमधून आधी खोकल्यासारखा आवाज आला. मग यंत्र घुमायला लागलं. मी वर बघितलं. दिव्यातली तार निखाऱ्यासारखी लाल झाली, मग पिवळी, मग पांढरी. भर उन्हात दिसावा असा दिवा लागला. साहेबांनी हॅट काढली. तीन महिन्यांत मी त्यांचं डोकं पहिल्यांदा पाहिलं. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

मी म्हटलं, "बेटी, दिवा लागला."

तिनं दिव्याकडे बघितलं. मग नदीकडे. फादर पाण्याबाहेर येऊन बूट हातात घेऊन चढ चढायला लागले होते. मध्ये एक करवंदीची जाळी, तेवढाच आडोसा.

"साएब," ती टिपणिसांना म्हणाली, "ह्यो विजायला किती येल लागतो?"

"आता नाही विझायचा," साहेब म्हणाले. इतक्या आनंदानं, की मला त्यांची दया आली.

बेटीनं खाली वाकून दगड उचलला. बाय, पाचूबंदरला सुकत घातलेल्या बोंबलांवरचे कावळे ही पोर लहानपणापासून हाकते आहे. एकच दगड. फटकन आवाज झाला आणि काचा साहेबांच्या पायाशी पडल्या. यंत्र आत घुमत राहिलं. मग बेटीनं मथुरामावशींकडे नुसतं बघितलं, त्या पाईपाकडे पळाल्या, दोन खुंट्या उपटल्या आणि तेही बंद पडलं.

कॅमेरा तयार होता. काच घातलेली होती. रबरी फुगा माझ्या मुठीत होता. मी तो दाबला नाही. मी बेटीकडे बघत होतो.

फादर धापा टाकत आले. त्यांनी खांबाकडे बघितलं आणि विचारलं, "हाच तो दिवा?"

उत्तर साहेबांना द्यायचं होतं. बाय, त्यांनी खरं सांगितलं असतं तर मी त्यांना दोष दिला नसता. तीन वर्षं त्या माणसानं या एका गोष्टीची वाट बघितली होती. पुरावा त्यांच्या पायाशी पडला होता, आणि साक्षीला सतरा बायका होत्या. त्यांनी हॅट पुन्हा डोक्यावर घातली, नीट केली, आणि म्हणाले, "हो फादर. हा दिवा कधीच लागलेला नाही. तो फोटो खोटा आहे. यंत्रात दोष आहे, आणि यंत्र माझं आहे."

फादरांनी वहीत लिहून घेतलं: दिवा नाही, हरकत रद्द. ऑगस्टीनमामांनी खांबाभोवती एक फेरी मारली, फुटकी काच उचलून उन्हात धरून पाहिली आणि मला म्हणाले, "मंग पोरं बी खोटी?" मी म्हटलं, पोरं खरी आहेत, माझी नाहीत. ते म्हणाले, "बरं बरं. जेवाय घाला."

सगळे जेवायला बसल्यावर मी शेडमध्ये गेलो. साहेब यंत्राशेजारी स्टुलावर बसले होते. मी माफी मागायला लागलो, तर त्यांनी हातानं थांबवलं. "बारा सेकंद, वॉल्टर," ते म्हणाले. "मी मोजले. तुम्ही पाहिलंत ना?" मी म्हटलं, पाहिलं. "मग ठीक आहे," म्हणाले आणि उठून हात धुवायला गेले. मी मात्र तिथेच बसून रडलो. इतका आनंद आणि इतकी शरम एकाच दिवशी मला कधी झाली नव्हती.

पुढच्या सोमवारी, १ मार्चला लग्न. ऑगस्टीनमामांनी व्हिन्सेंटला निरोप धाडलाय. साहेबांना मी सोबत घेऊन येतोय. ते नको नको म्हणत होते, बेटीनं हात धरून कबूल करून घेतलं. त्यांना पाहुण्यांत नको, आपल्या घरच्या माणसांत बसव. पापडीचे लोक जेवताना नक्की विचारतील, की साहेब, तुमच्या त्या विजेच्या कारखान्याचं काय झालं. तेव्हा तू मधेच दुसरं काहीतरी बोल, बाय. त्यांना उत्तर द्यायला लावू नकोस.

तुझा,
वॉल्टर